शस्त्र नाकारणाऱ्यांचे व्रत

नवरात्राचे उपवास सोडून आपण विजयादशमीला शस्त्रांचे पूजन करतो. त्याच दिवशी, सक्तीच्या सैन्यभरतीतही सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांचे स्मरण करणे अनुचित ठरू नये.

अशा माणसास भित्रा म्हणणे फार सोपे आहे. ‘अर्जुनाचा नकार भगवंतांनी कोठे मानला?’ असेही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु अर्जुनाची गात्रे गळाली ती समोर स्वजन पाहून. त्याआधी कित्येक युद्धांत त्याचा हात कापला नव्हता. ज्यांना शत्रूचाही वध मान्य नाही, त्यांच्या नकारास मोह कसे म्हणावे?

ब्रिटनने १९१६ मध्ये सैन्यभरती सक्तीची केली, तेव्हा कायद्यात अशा नकारास जागा ठेवली होती. सुमारे १६,००० जण त्या वाटेने गेले. तरीही त्यांतील ३५ जणांना फ्रान्समध्ये नेऊन देहान्ताची शिक्षा सुनावली गेली. मागाहून तिच्या जागी दहा वर्षांची सक्तमजुरी आली. मृत्यू समोर असता जे ढळले नाहीत, त्यांस भित्रे कोण म्हणेल?

अमेरिकेने १९४० च्या कायद्यान्वये पर्यायी सेवेची सोय केली. सुमारे १२,००० जणांनी वणवे विझविले, मनोरुग्णांची शुश्रूषा केली, तीही वेतनाविना. त्यांतील ३६ जणांची कथा उपवास करणाऱ्या घरांनी अवश्य ऐकावी. युद्धात उपासमारीने खंगलेल्यांना पुन्हा कसे पोसावे, हे वैद्यांना कळावे म्हणून १९४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ते २४ आठवडे अर्धपोटी राहिले. बटाटे, सलगम, पाव असे मोजके अन्न आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे! त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. आपला उपवास दहाव्या दिवशी सुटतो, आणि तोही बहुधा स्वतःच्या कल्याणासाठी असतो, हे येथे आठवावे.

काहींनी पर्यायी सेवाही युद्धाचेच अंग मानून नाकारली आणि तुरुंगवास पत्करला. येथे माझे मत निराळे आहे. समाजाचे अन्न खाणाऱ्याने समाजाचे ऋण फेडलेच पाहिजे. परंतु ते फेडण्याचा शस्त्राखेरीज मार्ग उघडा ठेवणे, हे राज्यकर्त्यांचेही कर्तव्य आहे. नकार देणाऱ्याने स्वतःवर कोणता भार घेतला, हे आधी पाहावे आणि मगच त्याची परीक्षा करावी. वाचकहो, सोने वाटताना अशा व्रतस्थांसाठीही एक पान राखावे.