दाराआडची विश्रांती

कोणत्या विमानतळावरील लाउंज सर्वांत सरस, हा वारंवार परदेशगमन करणाऱ्यांचा आवडता वाद आहे. फ्रँकफर्टला लुफ्तान्साने २००४ साली प्रथम वर्गाच्या उतारूंसाठी स्वतंत्र इमारतच उघडली. तेथे स्नानाचे टब आहेत आणि विमानापर्यंत मोटारीने पोचविले जाते. दोह्याचे अल मुरजान लाउंज सुमारे १०,००० चौरस मीटरचे आहे. त्याच दोह्यात स्थलांतरित कामगाराला २०२० पर्यंत मालकाच्या अनुमतीवाचून नोकरी बदलता येत नव्हती. लाउंजांना गुण देणाऱ्यांच्या कोष्टकात या गोष्टीसाठी रकाना नसतो.

लाउंजचा मूळ गुणच मुळी इतरांना वगळण्याचा. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने आपला पहिला क्लब काढला, तेव्हा तेथे निवडक निमंत्रितांनाच प्रवेश होता. आज निमंत्रणाचे काम महागडे तिकीट आणि क्रेडिट कार्ड करते, इतकाच फरक!

यात आपले काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे : ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते तेच दाराआड गेले, की बाहेरच्या बाकांची काळजी वाहणारा कोणी उरत नाही. सरकारी शाळा आणि दवाखाने यांची अवकळा आपण याच मार्गाने झालेली पाहिली आहे.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरील फुलपाखरांचे उद्यान मात्र स्वस्तातल्या तिकिटाच्या उतारूलाही विनामूल्य खुले आहे. म्हणजे हे अशक्य नाही. तेव्हा तुलना करावयाचीच तर बाकाबाकांची करा. रात्रभर खोळंबलेल्या मजुराला पाठ टेकायला कोठे जागा मिळते, यावरूनच विमानतळाची प्रत ठरली पाहिजे.