शंभर टक्के हजेरी

मराठीत कुत्र्याचं नशीब तसं वाईटच! शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, हाल असे की कुत्रा खाईना, आणि दोन मित्र भांडले की पहिली शिवी त्याच्याच नावाने. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. तिथे ‘द डॉग’वर दहा ओळी लिहायच्या असायच्या आणि पहिली ओळ ठरलेली : डॉग इज अ फेथफुल ॲनिमल. पाच मार्क मिळाले की विषय संपला. म्हणजे एका भाषेत शिवी आणि दुसऱ्या भाषेत सर्टिफिकेट! त्याच्याकडून काही शिकावं, हे मात्र कुठेच सांगितलं गेलं नाही.

मला विचाराल तर कुत्रा एकच गोष्ट शिकवतो, ती म्हणजे हजेरी. मित्रांनो, आपण पंचाहत्तर टक्के भरावेत म्हणून लेक्चरला प्रॉक्सी मारतो. सोबत करण्यात प्रॉक्सी चालत नाही. तिथे स्वतःच जाऊन बसावं लागतं.

रिझल्टचा दिवस आठवा. जिचे दोन विषय राहिलेत ती हॉस्टेलच्या पायऱ्यांवर एकटी बसलेली असते. आपण जातो, घाईघाईने सल्ले देतो. “रिव्हॅल टाक गं”, “केटीच तर आहे, सुटेल.” मग जाता जाता स्वतःचा पॉइंटर सांगून आपण रूमवर परत! आणि काळू? तो येतो, शेजारी अंग टाकतो आणि तासभर हलत नाही. त्याला पॉइंटर कळत नाही, ब्रँच कळत नाही. दुःखात माणसाला बऱ्याचदा उत्तर नको असतं, शेजारी कुणीतरी हवं असतं. एवढं त्याला न शिकवता जमतं.

जपानच्या हाचिकोची गोष्ट बऱ्याच जणांनी सिनेमात पाहिली असेल. त्याचे मालक हिदेसाबुरो उएनो हे टोकियोच्या विद्यापीठात प्रोफेसर होते, शेतीच्या इंजिनिअरिंगचे! म्हणजे आपल्याच जातकुळीतले. मे १९२५ मध्ये ते कॉलेजमध्येच अचानक वारले. हाचिको मात्र शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत राहिला, मार्च १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत. जवळजवळ दहा वर्षं! पण या गोष्टीतला एक भाग आपण विसरतो. सुरुवातीची वर्षं स्टेशनवर त्याला लोक हाकलायचे, त्रास द्यायचे. १९३२ मध्ये पेपरात बातमी आली आणि तेच लोक खाऊ घेऊन यायला लागले. १९३४ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, तोही त्याच्यासमोरच. कुत्रा तोच, स्टेशन तेच. बातमी आल्याशिवाय आपल्याला शेजारचा जीव दिसत नाही, हाच खरा प्रॉब्लेम आहे.

आणि सोबत ही काही एकतर्फी गोष्ट नाही. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात पोचतो, तेव्हा इंद्र त्याला म्हणतो, कुत्र्याला सोडून ये. तो साफ नकार देतो. जो शेवटपर्यंत बरोबर चालला त्याला टाकून स्वर्ग नको! आता आपलं बघा. सबमिशनच्या रात्री काळूला बिस्किटं घालायची, त्याचे फोटो काढायचे, आणि सुट्टी लागली की बॅग उचलून घरी. मेस बंद, हॉस्टेल रिकामं. त्या दिवसांत तो काय खातो? याला प्रेम म्हणत नाहीत, टाइमपास म्हणतात.

कुत्र्यांची भीती वाटणाऱ्या मैत्रिणीही याच हॉस्टेलात राहतात आणि त्यांची भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून चावल्यावर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच इंजेक्शन घ्यायला जायचं. ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवायचा आदेश दिला. तेव्हापासून कट्ट्यावर दोनच पक्ष आहेत : ‘हाकला’ आणि ‘बिच्चारा’. मला दोन्ही पटत नाहीत. काठी घेऊन हाकलल्याने रेबीज जात नाही आणि ‘सो क्यूट’ म्हटल्याने लस टोचली जात नाही. ज्यांचा जीव काळूवर आहे त्यांनी वर्गणी काढावी, त्याला डॉक्टरकडे न्यावं, लसीची तारीख नोटीस बोर्डावर लावावी. त्याला शेल्टरमध्ये न्यायची वेळ आलीच, तर ते शेल्टर कसं आहे हे स्वतः जाऊन बघावं, आणि नंतरही जात राहावं. काळजी घेणं म्हणजे थोडा खर्च आणि भरपूर फेऱ्या!

हे ज्याला कुत्र्यासाठी जमेल, त्याला माणसासाठीही जमेल असं मला वाटतं. आपल्या विंगमध्ये कुणी दोन दिवस जेवायला आलेलं नसतं आणि आपल्याला पत्ता नसतो. फर्स्ट इयरची एखादी मुलगी रोज रात्री घरी फोन लावून रडते आणि आपण हेडफोन घालून असाइनमेंट कॉपी करत असतो. तिला लेक्चर नको आहे हो, ते दिवसभर होतंच. दार वाजवा, “चल, चहाला येतेस का?” एवढंच विचारा. ती नाही म्हणाली तर उद्या पुन्हा विचारा.

बघा, पटतंय का! आज रात्री मेसमध्ये आपल्या टेबलावर कुणाची जागा रिकामी आहे, तेवढं तरी नक्की बघा.