दवाखान्याचे कर्ज आणि एकजुटीचा हिशेब



कपाशी बुडाली तर पुढच्या हंगामाची आशा असते. घरातले माणूस अंथरुणाला खिळले तर आधी बैलजोडी जाते, मग जमीन गहाण पडते. हे आपण नशिबाचे भोग म्हणून सोसतो. हे नशीब नाही, सरकारी धोरण आहे. धोरण बदलता येते. पण एकट्यादुकट्याने नाही.

१९७८ साली आल्मा आटा येथे जगभरच्या सरकारांनी ‘२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य’ असे वचन दिले. २००० साल उजाडले, वचन कागदावरच राहिले. त्या वर्षी महिला संघटना, विज्ञान चळवळी, आरोग्य कार्यकर्ते कोलकात्यात जमले आणि जनस्वास्थ्य अभियान उभे राहिले. झेंडे वेगळे, विचार वेगळे. सगळ्या प्रश्नांवर एकमत होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. उपचार हा हक्क आहे, एवढ्या एका मागणीवर ते एकत्र आले.

नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. उपचार नाकारले गेलेल्यांच्या साक्षी गोळा केल्या. २००४ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगासोबत ठिकठिकाणी जनसुनवाया घेतल्या. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले, त्यात लोकांच्या देखरेखीला जागा मिळाली. २००७ पासून अमरावती, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), नंदुरबार, पुणे, ठाणे या जिल्ह्यांत गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांचे प्रगतिपुस्तक भरले. बाहेरून औषध का आणायला लावले, याचा जाब भरसभेत विचारला गेला.

आता दुसरी बाजू. राजस्थानात अशाच एकजुटीमुळे मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा झाला. खाजगी डॉक्टर संपावर गेले, रस्त्यावर उतरले. सरकारी सवलत न घेतलेली खाजगी रुग्णालये कायद्याबाहेर ठेवू, असे सरकारला एप्रिलमध्ये कबूल करावे लागले. डॉक्टर संघटित होते. रोगी खाटेवर होता. रोग्याच्या बाजूने रस्त्यावर उतरणार कोण?

म्हणून शेतकरी या एकजुटीत हवा. संस्थांकडे अभ्यास आहे, गर्दी नाही. आपल्याकडे गर्दी आहे, नोंद नाही. पुढच्या सभेला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा: केंद्रात डॉक्टर कोणत्या दिवशी नव्हता, कोणते औषध बाहेरून आणले, किती पैसे गेले. भाषण नको, कागद आणा.