नाणेघाटाचा रांजण आणि टोलचा अर्धवट वारसा

१/ टोलविरुद्ध कोणी बोलले की एक छायाचित्र हटकून पुढे केले जाते: नाणेघाटातील दगडी रांजण. सातवाहनकाळी व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत, म्हणजे टोल ही दोन हजार वर्षांची परंपरा. मग आजची कुरकुर कशाला? या युक्तिवादाची झडती पुराव्यानिशी घेतली पाहिजे.

२/ प्रथम रांजण. घाटमाथ्यावरील लेण्यात नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणांची नोंद आहे. जकातीच्या रांजणाविषयी तो मौन पाळतो. कोकणातून जुन्नरकडे जाणाऱ्या या वाटेवर कर घेतला जात असणे संभवनीय आहे; परंतु रांजणाची कथा ही लोकपरंपरा आहे, शिलालेखाची साक्ष नव्हे.

३/ परंपराच हवी असेल तर कौटिल्याचे अर्थशास्त्र उघडावे. सीमेवरील अंतपालाने मालाच्या गाडीमागे सव्वा पण ‘वर्तनी’, म्हणजे मार्गकर, घ्यावा असे तेथे सांगितले आहे. त्याला लागूनच दुसरा नियम येतो: वाटेत व्यापाऱ्याचे जे हरवेल वा चोरीस जाईल, ते अंतपालाने भरून द्यावे.

४/ हा नियम प्रत्यक्षात कितपत पाळला गेला, हा वेगळा प्रश्न. पण वारशाचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा. घेण्याचा अधिकार प्राचीन आणि भरपाईचे दायित्व मात्र विस्मृतीत, हा वारसा नव्हे. ही सोयीस्कर निवड आहे.

५/ आता मुंबई. माहीम आणि वांद्रे यांच्यामधील खाडीवर रस्ता बांधण्यास कंपनी सरकार पैसा देईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी आधी १ लाख आणि काम अडल्यावर आणखी ५७ हजार रुपये दिले. अट एकच: या मार्गावर लोकांकडून टोल घेऊ नये. १८४० च्या दशकात माहीम कॉजवे खुला झाला.

६/ जवळच २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू टोल घेतो. अवाबाईंचा रस्ता आजही घेत नाही. टोलचा इतिहास सांगणाऱ्यांच्या यादीत हा रस्ता क्वचितच आढळतो.

७/ याच शहराने पुढे काय केले? नव्वदच्या दशकाअखेरीस मुंबईत उड्डाणपुलांची मोठी योजना हाती घेतली गेली आणि तिचा खर्च वसूल करण्यासाठी दहिसर, ऐरोली, वाशी व मुलुंडचे दोन अशा पाच वेशींवर नाके उभे राहिले. अंधेरीचा रहिवासी रोज चार उड्डाणपूल ओलांडून छदामही न देता घरी पोहोचे. ठाण्याचा नोकरदार मात्र मुलुंडला रोज मोजत राही, आणि नाशिकहून एका दिवसासाठी आलेला पाहुणाही.

८/ ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, हलक्या वाहनांना येथे सूट मिळाली. कंत्राटाची मुदत तेव्हा संपलेली नव्हती. म्हणजे टोल वसुली पूर्ण झाली म्हणून थांबला नाही. मतदान जवळ आले म्हणून थांबला. मालमोटारींना सूट नव्हतीच.

९/ रस्ते फुकट होत नाहीत, हे खरेच. अवाबाईंच्या रस्त्यालाही कोणीतरी १ लाख ५७ हजार मोजले होते. म्हणूनच विचारायचे ते टोलच्या वयाविषयी नव्हे. भार कोणावर पडतो? तो कधी संपणार? आणि रस्त्यात खड्डा पडून गाडी मोडली तर अंतपाल कोण?

१०/ नाणेघाटातला रांजण आज रिकामा आहे. त्यात स्वतःची उत्तरे टाकून ती इतिहासाची म्हणून बाहेर काढणे थांबले, तर टोलवरची चर्चा निदान सुरू तरी होईल.