निर्धूर चूल आणि धुराड्याचा सांधा

चुलीचा धूर हा स्वयंपाकघराचा प्रश्न आहे, शेतीचा नव्हे, असे मानण्याची चाल आहे. ती योग्य नाही. जी गृहिणी पहाटे धुरात बसून भाकरी भाजते, तीच दिवसभर खुरपणीस आणि कापूस वेचण्यास जाते. तिचे डोळे व छाती शाबूत राहणे हे शेतीच्याच हिताचे आहे. घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे मृत्युमुखी पडली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने खेड्यापाड्यांत गॅस पोहोचविला, हे खरे. तथापि पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या घरच्याच असल्यामुळे आंघोळीचे पाणी आणि भाकरी यांसाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पुष्कळ घरांत चूल अद्याप पेटते. जोवर ती पेटते, तोवर तिचे धुराडे नीट असले पाहिजे.

निर्धूर चुलीचा विचार या भागाला नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगन चुलीचा प्रसार झाला. हैदराबाद येथील संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची मातीची चूल तयार केली आणि १९५३ साली तिची माहिती पुस्तकरूपाने दिली. त्या वेळी औरंगाबाद जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. पुढे १९८३ नंतर सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि २००२ पर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. त्यांपैकी कितीतरी चुली थोड्याच वर्षांत मोडीत निघाल्या. ओडिशातील खेड्यांत झालेल्या एका दीर्घ पाहणीतही असेच दिसून आले. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे वापर व डागडुजी मागे पडली आणि लाभ उरला नाही.

या अपयशाचे खापर गृहिणीच्या सवयीवर फोडणे सोपे आहे. परंतु अनेकदा दोष सवयीचा नसून सांध्याचा असतो. चूल एका ठिकाणची, पहिला नळ दुसऱ्या दुकानातला, वरचा तुकडा कोणाच्या तरी अंगणात पडलेला, अशी जुळवाजुळव होते. मग फटीत चिंधी कोंबली जाते, वर शेणमाती थापली जाते आणि काम पुरे झाल्याची नोंद होते.

निरनिराळ्या कारखान्यांचे नळ एकमेकांत बसत नाहीत, याचे कारण मापाच्या पद्धतीत आहे. सिमेंटचा नळ आतल्या व्यासाने ओळखला जातो आणि त्याची भिंत जाड असते. प्लॅस्टिकचा नळ बाहेरच्या व्यासाने विकला जातो. तो तर धुराड्यास कधीही वापरू नये. पत्र्याचा नळ कारागीर आपल्या साच्याप्रमाणे वळतो. त्यामुळे तीन दुकानांतले 'तीन इंची' नळ ही तीन मापे ठरतात. यावर उपाय म्हणून चार इंची नळावर तीन इंची नळ बसविला जातो. वाटते की एकच इंच कमी झाला. परंतु धुराची वाट जवळजवळ ४४ टक्क्यांनी आवळली जाते. म्हणून चुलीपासून टोपीपर्यंत आतील व्यास कोठेही कमी होऊ देऊ नये.

दुसरी चूक सांध्याच्या दिशेची. पावसाच्या विचाराने वरचा नळ खालच्या नळावर टोपीसारखा चढवितात. परंतु ओल्या सरपणाचा डांबरासारखा रस नळाच्या आतून खाली ओघळतो आणि अशा सांध्यातून भिंतीवर येतो. म्हणून वरच्या नळाचे निमुळते तोंड खालच्या नळाच्या आत गेले पाहिजे. मग पावसाचे काय? त्याचे उत्तर असे की, छपराबाहेर सांधाच ठेवू नये. छपरातून जाणारा तुकडा अखंड असावा.

तिसरी गोष्ट फटीची. फटीतून धूर बाहेर आला नाही म्हणजे सांधा घट्ट आहे, असे नव्हे. धुराडे नीट ओढत असते तेव्हा फटीतून बाहेरची थंड हवा आत शिरते. आतला धूर थंडावतो, ओढ मंदावते आणि धूर चुलीच्या तोंडातून घरात येतो. चूल पेटवून सांध्याजवळ उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर तेथे फट आहे. पत्र्याच्या प्रत्येक सांध्यास तीन स्क्रू मारावेत आणि फट चिकणमाती व चाळलेली राख यांच्या लिंपणाने बुजवावी. वाळल्यावर भेगा पडल्यास पुन्हा लिंपावे.

चुलीलगतचा पहिला तुकडा सर्वांत तापतो. तेथे जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नको. भाजलेल्या मातीचा किंवा काळ्या पत्र्याचा नळ बरा. ॲस्बेस्टॉसमिश्रित सिमेंटचे जुने नळ कापू वा घासू नयेत, कारण त्यांची धूळ कर्करोगास कारण होते. माळवदी घरात नळ सर-तुळयांपासून दूर ठेवावा. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या नियमांत एकपदरी नळ आणि लाकूड यांत १८ इंचांचे अंतर सांगितले आहे, आणि असा नळ छतातून नेण्यास मनाई आहे. आपल्याकडे निदान छताच्या भोकाभोवती लाकूड कापून मातीचा जाड थर तरी द्यावा.

एकाच ठिकाणचे सर्व नळ घ्यावेत तर खर्च वाढतो, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु न जुळणाऱ्या नळांचे धुराडे वर्षभरात काढून टाकावे लागते, तेव्हा सारीच रक्कम वाया जाते. जुना नळ वापरावयाचाच असेल तर दोन्ही तोंडे मोजून, त्या मापाचा जोडतुकडा पत्रेवाल्याकडून करून घ्यावा. यास फार पैसा लागत नाही; मोजण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

शेवटी ग्रामकार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चुली किती बसविल्या, हा कामाचा हिशेब नव्हे. एका पावसाळ्यानंतर पुन्हा त्याच घरी जावे, काजळी काढली जाते की नाही हे पाहावे आणि घरच्या माउलीस विचारावे, "धूर वर जातो ना?" तिचे उत्तर हेच त्या चुलीचे खरे प्रमाणपत्र होय.