‘येरवड्याला पाठवा’ म्हणण्यापूर्वी

मंडळाच्या गप्पांत कुणी जरा विचित्र वागले की “याला येरवड्याला पाठवा रे!” हे वाक्य येतेच, आणि सगळे हसतात. मीही हसलो आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

तोक्योच्या सेतागायात मात्सुझावा हॉस्पिटल आहे. राशबिहारी बोस यांचे स्नेही ओकावा शुमेई यांनी १९४६ साली तोक्यो खटल्यात तोजोंच्या टकलावर चापट मारली आणि पुढे त्यांची रवानगी इथे झाली. उपचार कोणता? मुद्दाम मलेरियाचा ताप आणायचा, म्हणजे मेंदूतला सिफिलिस मरतो! या शोधाला १९२७ चे नोबेल मिळाले होते. ओकावा सुधारले, त्यांनी कुराणाचे जपानी भाषांतर पुरे केले. पण मेंदूवर सुरी चालवण्यालाही १९४९ साली नोबेल मिळाले. जपानमध्येही त्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९७५ मध्ये इथल्याच मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेला त्यांचा निषेध करावा लागला.

“डॉक्टरच क्रूर होते” म्हणून हात झटकणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. याच इस्पितळाची सूत्रे १९०१ साली हाती घेतल्यावर कुरे शूझो यांनी रुग्णांच्या बेड्या काढायला लावल्या. १९१८ च्या त्यांच्या अहवालात तीनशेहून अधिक कोठड्यांची पाहणी आहे. त्या इस्पितळातल्या नव्हेत, घरातल्या! १९०० च्या कायद्याने रुग्णाला घरी कोंडायची मुभा होती, ती १९५० पर्यंत टिकली. कुलूप घरच्यांच्या हातात होते. ज्याचे नावही चारचौघांत काढायचे नाही, त्याच्यावर कोणते प्रयोग होतात हे विचारणार कोण?

आपण तरी काय वेगळे करतो? मधुमेहाची गोळी पंगतीत बसून घेतो, नैराश्याची मात्र बाथरूममध्ये. भारताच्या २०१७ च्या कायद्याने भूल न देता विजेचे झटके देण्यावर बंदी आणली, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवायचा हक्कही दिला. पण जो आजार लपवतो, तो हा हक्क वापरणार कसा?

स्किझोफ्रेनियाला जपानीत ‘दुभंगलेल्या मनाचा रोग’ म्हणत. ते नाव २००२ मध्ये बदलले गेले, आणि ती मागणी रुग्णांच्या घरच्यांचीच होती. जे घर एकेकाळी कुलूप लावत होते, तेच बोलू लागले.

आपण निदान येरवड्याचा विनोद तरी सोडूया. कदाचित त्याच गप्पांत बसलेले कुणीतरी बोलू पाहत असेल.