राष्ट्र नकाशावर बनत नाही

राष्ट्रवाद हा शब्द आज ऊठसूट आमच्या तोंडावर फेकला जातो. आमच्या निष्ठेचा जाब विचारणाऱ्यांना आमचा उलट सवाल आहे : कोणते राष्ट्र? आणि कोणाचे?

१७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीने राजाच्या प्रजेला नागरिक केले. आधुनिक राष्ट्राची पायाभरणी तिथे झाली. एकोणिसाव्या शतकात त्यावर भाषा, वंश आणि इतिहास यांच्या अभिमानाचे इमले चढले. १८६१ मध्ये इटलीचे राज्य आणि १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य झाले. आमच्याकडील उच्चवर्णीय पुढाऱ्यांना या युरोपातला मॅझिनी भावला. सावरकरांचे मॅझिनीवरील मराठी पुस्तक १९०७ मध्ये निघाले. परकी सत्ता उलथण्याचा मंत्र या पुढाऱ्यांनी घेतला. १७८९ ची समता मात्र समुद्रापलीकडेच राहू दिली.

त्या समतेचा प्रश्न साताऱ्यातील कटगुण हे ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव, त्या महात्मा जोतीराव फुल्यांनी एकोणिसाव्या शतकातच विचारला होता. जातीजातींत फोडलेली माणसे 'एकमय लोक' झाल्याशिवाय राष्ट्र होणार कसे? या प्रश्नाचे उत्तर टिळकांच्या राष्ट्रवादाने दिले नाही.

उत्तर मिळाले मसूर स्थानकावर. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेला बाल भीमराव आणि सोबतची मुले तिथे उतरली. जात कळताच गाडीवान बैलगाडी हाकेनात. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि रात्र पाण्यावाचून काढली. भाषा एक, भूमी एक, राजा एक. तरीही घोटभर पाणी नाही!

वंश, भाषा, धर्म वा भूगोल यांनी राष्ट्र घडत नाही, एकत्र राहण्याच्या इच्छेने घडते, असे फ्रेंच विचारवंत रेनन याने १८८२ मध्ये सांगितले. बाबासाहेबांनी १९४० च्या पाकिस्तानविषयक ग्रंथात त्याचा आधार घेतला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र होऊ शकत नाहीत. जाती राष्ट्रविरोधी आहेत.

याच मातीत राष्ट्रवादाचे दुसरे रूपही दिसले. सत्यशोधकांनी नांगरलेल्या सातारा-सांगलीत क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात उभे राहिले. त्याने गावोगाव न्यायदान केले, कमी खर्चाचे विवाह लावले. समाजसुधारणेची ओल होती म्हणून ते रुजले.

केवळ कायद्यावर विसंबू नका, हेही जर्मनीचा इतिहास शिकवतो. १८७१ च्या साम्राज्यात ज्यूंना कायद्याने समान हक्क होते. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचे नागरिकत्वच हिरावले. समाजाच्या मनात बंधुता नसेल तर कागदावरचे हक्क एका सहीने पुसले जातात.

२०२३ साली मिरज तालुक्यातील बेडग येथे बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान पाडण्यात आली. आंबेडकरी कुटुंबे गाव सोडून पायी मुंबईच्या वाटेला लागली. कमानीच्या परवानगीचा वाद कायद्याचा आहे आणि तो कायद्याने सुटेल. परंतु मुलाबाळांसह गाव सोडावेसे वाटणे, हा राष्ट्र घडण्याचा प्रश्न आहे.

म्हणून राष्ट्रभक्तीचे प्रमाणपत्र मागणाऱ्यांनी आधी आपल्या गावचा पाणवठा, स्मशान आणि लग्नाचा मांडव तपासावा. समता, स्वातंत्र्य आणि बंधुता यांसाठी लढणारे आम्हीच राष्ट्र बांधत आहोत. जाती मोडणे हेच या देशातले पहिले राष्ट्रकार्य आहे!